आईला ट्यूब का टाकत नाहीयेत?

हे पत्र एका मुलीकडून परवा रात्री पावणेदोनला आलं, सांगलीहून, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर टाइप केलेलं. तिला उत्तर त्याच रात्री पाठवलं, फोनवरही बोललो. पण असे प्रश्न मला इतक्या घरांतून येतात की तिला विचारूनच, ओळख पटेल असं काढून, इथे सगळं सविस्तर लिहितेय. पत्र थोडक्यात असं:

"सिस्टर, आई ६१ वर्षांची आहे. नऊ वर्षं स्क्लेरोडर्मा (कातडी आवळून कडक होत जाणारा आजार), दोन वर्षांपूर्वी पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाचं बीपी निघालं, तेव्हापासून सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि अँब्रिसेंटान एकदा. आठवडाभर खोकला होता, मंगळवारी रात्री एकदम दम लागला, ओठ निळे पडले. शेजारच्या काकांनी सॉर्बिट्रेट, ती हार्टची गोळी, आणून दिली, मीच जिभेखाली ठेवली, दहा मिनिटांत आई कोसळली. आज तिसरा दिवस, न्यूमोनिया म्हणतात. बीपी कमी आहे तरी सलाईन देत नाहीत उलट लघवीचं इंजेक्शन देतात. सॅच्युरेशन मध्येच ७८ दिसतं तरी व्हेंटिलेटर लावत नाहीत, लावणं धोक्याचं आहे म्हणतात. मामा म्हणतात डॉक्टर वेळ काढतायत. पुण्याचा भाऊ म्हणतो मुंबईला हलवू. काल एका कागदावर सही मागितली, हृदय बंद पडलं तर छाती दाबायची की नाही, मी नाही केली सही. शेजारच्या बेडवरच्या आजोबांनाही फुप्फुसाचं बीपी आहे पण त्यांना या गोळ्या नाहीत, मग आईच्या गोळ्याच चुकीच्या होत्या का? दोन दिवस आई तोंडाने काही घेत नाहीये. कुणाचं ऐकू? आणि त्या सॉर्बिट्रेटमुळे झालं का हे सगळं, माझ्यामुळे?"

अगं, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

आधी एक काम कर, बाकीचं नंतर वाच. तुझ्या पर्समध्ये आईच्या गोळ्यांचा डबा आहे ना? तो घेऊन उठ आणि आत ड्युटीवर जी सिस्टर आहे तिच्या हातात दे, आणि स्पष्ट विचार की सिल्डेनाफिल आणि अँब्रिसेंटान शेवटची कधी दिली गेली, चार्टवर लिहिलेली आहे का. आई दोन दिवस तोंडाने काही घेत नाहीये असं तू लिहिलंयस, ते वाचल्यावर मला बाकीचं पत्र वाचवेना. या गोळ्या शुगरच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्यांसारख्या नाहीत की चार दिवस राहिल्या तरी चालेल. फुप्फुसातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या त्यांच्यामुळे थोड्या सैल राहतात, आणि गोळ्या अचानक बंद पडल्या की त्या परत आवळतात, तेही नेमकं न्यूमोनियामुळे हृदय आधीच टेकीला आलेलं असताना. इमर्जन्सीत ॲडमिशन होतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष श्वास, बीपी, अँटिबायोटिक याकडे असतं आणि घरच्या गोळ्या कागदावर "तोंडाने काही नाही" या एका ओळीखाली गाडल्या जातात. कुणी मुद्दाम करत नाही गं, पण होतं, मी स्वतः पाहिलंय. सिल्डेनाफिल नाकातल्या नळीतून देता येतं, त्याचं इंजेक्शनही असतं. अँब्रिसेंटानची गोळी फोडायची-कुटायची नसते, त्याला पर्याय काय ते डॉक्टर बघतील. आता बीपी फारच खाली आहे म्हणून डॉक्टरांनी विचार करून एखादा डोस थांबवला असेल तर ते मला पटेल. पण विसरल्यामुळे थांबलाय असं होता कामा नये, एवढंच तुला तपासायचंय. (आणि तुझी वहिनी किंवा कुणी गरोदर असेल तर तिला अँब्रिसेंटानची फुटलेली गोळी हाताळू देऊ नकोस, पोटातल्या बाळाला ते औषध घातक आहे.)

मी डॉक्टर नाही हे परत सांगते. २८ वर्षं आयसीयूत सिस्टर होते, त्यातली शेवटची ११ हार्टच्या आयसीयूत. डोस ठरवणं माझं काम नाही, पण बेडच्या बाजूला उभं राहून जे दिसतं ते मला सांगता येतं.

आता सॉर्बिट्रेट. हे खरं सांगायला हवं आणि पूर्ण सांगायला हवं. सिल्डेनाफिल चालू असलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट द्यायची नसते, कधीच नाही, दोन्ही मिळून बीपी धाडकन खाली येतं आणि त्या दहा मिनिटांत तेच झालं असणार. पण तिसऱ्या दिवशी आई आयसीयूत आहे ती त्या गोळीमुळे नाही. जिभेखालच्या गोळीचा असर काही तासांत ओसरतो. आठवडाभराचा खोकला, निळे ओठ, लागलेला दम हे सगळं ती गोळी तोंडात जायच्या आधीचं आहे, तूच लिहिलंयस, हे न्यूमोनियाचं आहे. तुला दोन वर्षांत कुणी सांगितलं होतं का की सिल्डेनाफिल चालू असताना सॉर्बिट्रेट चालत नाही? माझा अंदाज आहे की नाही. आपल्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये एका काकांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते आणि दम लागला की ती जिभेखाली जाते, ते काकाही मदतीलाच धावले होते. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देणं आमचं काम होतं, तुझं नाही. फक्त एक कर, डॉक्टरांना हे सांगितलं नसशील तर आत्ता सांग, वेळेसकट, लाजून लपवू नकोस, कारण पहिल्या रात्रीचं बीपी का पडलं हे त्यांना कळलं तर ते पुढचा हिशोब नीट मांडतील.

लाजेचा विषय निघालाच आहे म्हणून, सिल्डेनाफिल म्हणजे तेच व्हायग्रातलं औषध, १९९८ मध्ये त्यासाठी आलं आणि २००५ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या या आजारासाठी मान्य झालं. कितीतरी घरांत बायका हे औषध चालू आहे हे सांगतच नाहीत, केमिस्ट कसा बघतो म्हणून चिठ्ठी फाडून टाकतात, आणि मग इमर्जन्सीत डॉक्टरांना कळतच नाही. तुझ्या आईच्या बाबतीत तसं होऊ देऊ नकोस.

आता सलाईन का देत नाहीत आणि वर लॅसिक्स, म्हणजे ते लघवीचं इंजेक्शन का. हे मला एका बाईमुळे कळलं, खूप वर्षांपूर्वी, मी तेव्हा नवीनच होते. चाळिशीतली बाई, फुप्फुसाचं प्रेशर वाढलेलं, बीपी ८० च्या आसपास, आणि आम्ही शिकलो होतो तसं बीपी कमी म्हणजे सलाईन, एक बाटली गेली, बीपी जरा वाढलंसं वाटलं, म्हणून दुसरी लावली. दुसरी अर्धी जाईपर्यंत तिच्या मानेची शीर कानाच्या पाळीपर्यंत उडताना दिसायला लागली, लघवीच्या पिशवीत दोन तास एक थेंब नाही, आणि बीपी होतं त्याच्याही खाली. सिनियर डॉक्टर आले, त्यांनी आधी सलाईनचा चाप बंद केला आणि मग बोलले. ती बाटली मी लावली होती, ते अजून आठवतं मला.

असं बघ. हृदयाच्या डाव्या बाजूची भिंत साधारण सेंटिमीटरभर जाड असते कारण तिला पूर्ण शरीराला रक्त ढकलायचं असतं. उजवी बाजू फक्त शेजारच्या फुप्फुसांना रक्त पाठवते, तिथे प्रेशर मुळातच कमी, सरासरी १४ च्या आसपास, म्हणून उजव्या बाजूची भिंत तीन-चार मिलिमीटरच असते. नळी घालून मोजलेलं सरासरी प्रेशर २० च्या वर गेलं की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, आणि तुझ्या आईसारख्यांचं त्याच्या कितीतरी वर असू शकतं. म्हणजे अर्ध्या एचपीची मोटार आणि पुढची पाइपलाइन गाळाने भरत आलेली. त्या मोटारीला आणखी पाणी देऊन पाणी पुढे जाणार नाही, मोटार जळेल. वरून त्या दोन कप्प्यांच्या मधली भिंत एकच आहे, उजवा कप्पा तुंबून फुगला की ती भिंत डावीकडे सरकते, डाव्या कप्प्यात रक्त भरायलाच जागा उरत नाही, आणि आपल्याला दंडावर बीपी कमी दिसतं ते त्यामुळे. म्हणून लॅसिक्स देऊन उजवी बाजू थोडी रिकामी करतात, भिंत परत जागेवर येते, आणि पुष्कळदा बीपी उलट सुधारतं. वाचायला विचित्र वाटतं पण बेडच्या बाजूला उभं राहून मी हे होताना पाहिलंय. याचा अर्थ सलाईन कधीच नाही असा नाही, खूप जुलाब-उलट्या होऊन शरीर कोरडं पडलं असेल तर थोडं देतात, पण थोडं, आणि दर थोड्या वेळाने ईको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करत.

बीपीसाठी सिरिंज पंपवर नॉरॲड किंवा व्हासोप्रेसिन चालू असेल, बघ, ही रक्तवाहिन्या आवळून बीपी वर ठेवणारी औषधं. ते नुसतं आकडा सजवायला नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागतं, आणि उजव्या बाजूचं प्रेशर चढलेलं असताना शरीराचं बीपी पडलं तर त्या स्नायूपर्यंत रक्त पोचत नाही, मग तो आणखी दमतो, बीपी आणखी पडतं, आणि ही घसरण फार जोरात होते. म्हणून ते बीपी एका पातळीच्या खाली जाऊ देत नाहीत. नॉरॲडने स्क्लेरोडर्मावाल्यांची बोटं मात्र काळीनिळी पडू शकतात, आईची बोटं थंडीत पांढरी-निळी होत असतीलच. रोज भेटायला गेलीस की दहाच्या दहा बोटं बघ, एखादं टोक काळं दिसलं तर सिस्टरला लगेच दाखव.

त्याच बोटांमुळे तुझा तो ७८ चा आकडा. हे मी तुला छातीठोकपणे सांगू शकते कारण अशा पेशंटच्या बाबतीत आम्ही ऑक्सिजन मोजायचा बोटावरचा चिमटा शिफ्टमध्ये दहादा काढून परत लावायचो. रक्त नीट न पोचणाऱ्या थंड बोटावर तो चिमटा खोटं बोलतो, कधी आकडाच दाखवत नाही तर कधी ७८. कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर लावायचा प्रोब मिळतो, आणि खरं बघायचं असेल तर रक्तातला ऑक्सिजन तपासतात, एबीजी. तू विचार, "सिस्टर, एबीजीत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड किती आला?" आणि मॉनिटरकडे बघत बसू नकोस. पण ऑक्सिजन खरंच कमी असेल तर ते गंभीर घ्यायचं, कारण ऑक्सिजन कमी झाला, कार्बन डायऑक्साइड साठला, रक्त आम्लधर्मी झालं की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. म्हणूनच हाय फ्लो ऑक्सिजन, ताप उतरवणं, वेदना कमी ठेवणं, याला इतकं महत्त्व आहे. आई तळमळतेय म्हणून "झोपेचं इंजेक्शन द्या" असं कुणी नातेवाईक म्हणाला तर त्याला थांबव, गुंगीत श्वास मंदावतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो.

आणि ट्यूब, म्हणजे व्हेंटिलेटर जोडायला तोंडातून श्वासनलिकेत घालायची नळी. मामांना वाटतंय डॉक्टर वेळ काढतायत. मामांचा राग मला कळतो, बहीण समोर धापा टाकतेय आणि कोपऱ्यात मशीन उभं आहे आणि कुणी लावत नाही, कुणालाही तसंच वाटेल. पण या आजारात ट्यूब टाकतानाची ती पाच मिनिटंच सगळ्यात धोक्याची असतात. ट्यूब टाकायला भूल द्यावी लागते, भुलीने बीपी पडतं. ट्यूब जाईपर्यंत अर्धा-एक मिनिट श्वास थांबतो, तेवढ्यातही कार्बन डायऑक्साइड चढतो. आणि मशीन जोडलं की ते हवा आत ढकलतं, आपण श्वास घेतो तेव्हा हवा आत ओढली जाते, मशीनचं उलटं असतं, त्या दाबाने हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. आधीच गच्च झालेल्या पाइपलाइनवर बाहेरून पाय दिल्यासारखं. ट्यूब नीट गेली, छातीत दोन्हीकडे श्वासाचा आवाज सारखा आला आणि दोन मिनिटांनी हृदय बंद पडलं, असं मी पाहिलंय. त्यात तुझ्या आईला स्क्लेरोडर्मा, तोंड किती उघडतं तिचं? भाकरीचा घास छोटा करून घ्यावा लागतो का? कातडी आवळल्यामुळे यांचं तोंड पुरेसं उघडत नाही, त्यामुळे ट्यूब टाकणं हेच मुळात अवघड, आणि अन्ननलिका सैल असल्यामुळे पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती वेगळी. हा न्यूमोनियाही कदाचित तसाच झालेला असेल. म्हणून बेडची डोक्याची बाजू वर हवी, आई सपाट झोपलेली दिसली तर विचार.

याचा अर्थ ट्यूब कधीच नाही असं नाही. श्वास घेऊन घेऊन स्नायू थकले, शुद्ध हरपायला लागली तर टाकावीच लागते, पण ती ठरवून टाकायची, रात्री तीनला धावपळीत नाही. म्हणजे सगळ्यात अनुभवी हात हजर, नॉरॲड आधीच चालू, धमनीत बीपी बघायची लाइन टाकलेली, बीपी कमीत कमी पाडणारं भुलीचं औषध. उद्या डॉक्टर भेटले की "ट्यूब टाकता का?" असं विचारू नकोस, "कुठल्या टप्प्यावर टाकाल, आणि ती वेळ आली तर तयारी काय ठेवलीय?" असं विचार. ज्यांनी याचा विचार केलाय ते लगेच सांगतील. ज्यांनी केला नसेल ते तुझ्या प्रश्नामुळे करतील, आणि दोन्हीत आईचा फायदा आहे.

शेजारच्या आजोबांचं लिहिलंयस ते. बघ, पल्मनरी हायपरटेन्शन हे एका आजाराचं नाव नाही, डॉक्टर त्याचे पाच गट करतात. तुझ्या आईचा पहिला गट, रक्तवाहिन्याच आतून जाड होत जातात, स्क्लेरोडर्मात साधारण दहातल्या एकाला होतं म्हणून तर त्यांचा दरवर्षी ईको करायचा असतो. आजोबांचं बहुतेक डाव्या बाजूच्या हृदयामुळे असेल किंवा जुन्या दम्यामुळे, बिडीमुळे, चुलीच्या धुरामुळे. तिथे याच गोळ्या उलटू शकतात, डावी बाजू कमजोर असताना फुप्फुसाच्या वाहिन्या मोकळ्या केल्या तर फुप्फुसात पाणी भरतं, फुप्फुसच खराब असेल तर रक्त नको त्या भागात जाऊन ऑक्सिजन आणखी खाली येतो. त्यांचा उपचार मूळ दुखण्याचा. काहींमध्ये जुन्या गुठळ्या अडकलेल्या असतात, त्यांचं तर ऑपरेशन होऊ शकतं. म्हणून आईच्या गोळ्या चुकीच्या नव्हत्या आणि आजोबांना नाहीत हेही बरोबरच असेल. आणि बाहेरच्या बाकड्यावर औषधांची अदलाबदल कृपा करून करू नका कुणी, मी ते होताना पाहिलंय.

मुंबईला हलवायचं का? भावाला माझ्याकडून सांग की त्याची तगमग बरोबर आहे, पण आज नाही, असं मला वाटतं. सांगलीहून मुंबई म्हणजे सात-आठ तास, ॲम्ब्युलन्समध्ये खड्डे, पंपांच्या बॅटऱ्या, ऑक्सिजनचे सिलेंडर, आणि मध्ये कुठे बिघडलं तर गाडीत ट्यूब टाकायची वेळ. हलवायचंच झालं तर समोरच्या हॉस्पिटलमध्ये असं काहीतरी हवं जे इथे नाही, उदाहरणार्थ श्वासातून द्यायचा नायट्रिक ऑक्साइड गॅस, जो फुप्फुसातल्या वाहिन्या सैल करतो आणि शरीराचं बीपी फारसं पाडत नाही, किंवा एक्मो. एक्मो म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरच्या मशीनने करणं, न्यूमोनियासारखं बरं होण्याजोगं कारण असेल तर तो काळ काढायला किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोचायला ते वापरतात, पण नुसतं लावून ठेवायचं मशीन नाही ते, खर्च आणि धोका दोन्ही प्रचंड. भावाने पुण्यात बसून याहून उपयोगाचं एक काम करावं, आईचा संधिवाताचा डॉक्टर आणि ज्यांनी दोन वर्षांपूर्वी हे निदान केलं ते डॉक्टर, या दोघांचे नंबर शोधून सांगलीच्या डॉक्टरांशी फोन जोडून द्यावा. स्क्लेरोडर्मात जास्त डोसची स्टेरॉईड्स किडनीला महागात पडू शकतात, असल्या गोष्टी त्या डॉक्टरांच्या बोलण्यात येतील, ज्या आयसीयूत रात्री कुणाच्या लक्षात येणार नाहीत. जुनी फाइल, जुने ईको, कॅथेटरचा रिपोर्ट असेल तर त्याचे फोटो पाठव. आईचं नेहमीचं बीपी किती, नेहमीचा ऑक्सिजन किती, हे त्यांना माहीत असणं फार मोलाचं आहे. आणि पैशाचं ओझं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेट, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तोच नीट सांगेल.

त्या कागदाबद्दल लिहायला मला जड जातंय पण टाळणार नाही. हृदय बंद पडल्यावर छाती दाबतो तेव्हा रक्त फुप्फुसातून डावीकडे जायला हवं, मगच ते मेंदूला पोचतं. तुझ्या आईच्या फुप्फुसाची वाटच अरुंद आहे, त्यामुळे बाहेरून कितीही दाबलं तरी रक्त पुढे सरकत नाही. २००२ साली युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांची एकत्र माहिती छापून आली होती, याच गटातल्या आजाराचे १३२ पेशंट ज्यांना असं परत आणायचा प्रयत्न झाला, त्यातले ९० दिवसांनंतर ८ जण जिवंत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना चटकन सुधारता येण्याजोगं काही कारण सापडलं होतं. म्हणून डॉक्टर विचारतायत. आईला सोडून दिलंय म्हणून नाही विचारत. छाती दाबायची नाही असं ठरलं तरी अँटिबायोटिक, ऑक्सिजन, नॉरॲड, लॅसिक्स, गोळ्या सगळं चालू राहतं, तेही पूर्ण ताकदीने, हे तू डॉक्टरांकडून तोंडी वदवून घे आणि कागदावरही तसंच लिहिलंय का वाच. ट्यूब आणि छाती दाबणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. आणि सगळ्यात आधी, आई शुद्धीवर आहे ना? बोलते ना दोन शब्द? मग तिला विचारलं का कुणी? तिला नऊ वर्षं हा आजार माहितीये, तिने याचा विचार केलाच नसेल असं समजू नकोस. मामांना बाहेर ठेव, तू एकटी जा, तिचा हात हातात घेऊन विचार की आई, मशीन लावायची वेळ आली तर तुला काय वाटतं. ती जे सांगेल ते तुझ्या सहीपेक्षा खरं. तिने "लावा" म्हटलं तर तेही तितकंच खरं, मग तेच डॉक्टरांना सांग आणि मामांनाही.

मला विचारशील की आशा आहे का. आहे. मूळ आजार आयसीयूत बरा होणार नाही, पण न्यूमोनिया बरा होऊ शकतो, आणि उजव्या बाजूला चार दिवस सांभाळून नेलं तर ती परत पहिल्या जागी येते, असे पेशंट चालत घरी गेलेले मी पाहिलेत. आईची गाडी कुठे चाललीय हे बघायचं तर लघवी बघ, ५० किलोच्या माणसाची तासाला २५ मिलीच्या वर हवी, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पोचलं की ते चढतं) खाली येतंय का विचार, आणि नॉरॲडचा पंप कालपेक्षा कमी आकड्यावर आहे का. नाडी अचानक वेडीवाकडी झाली तर तेही यांना झेपत नाही, ते मॉनिटरवर सिस्टरला दिसेलच.

अजून एक, जे डॉक्टर सांगणार नाहीत आणि सिस्टर सांगतील. आई जरा बरी झाली की म्हणेल मला पॉट नको, बाथरूमला जाते. जाऊ देऊ नकोस. कुंथताना छातीतला दाब चढतो, हृदयाकडे येणारं रक्त थांबतं, आणि या आजाराची माणसं संडासातच चक्कर येऊन पडतात, चांगली सुधारलेली माणसं. पोट साफ व्हायचं औषध आधीच चालू करा म्हणावं, आणि बेडवरच. लाज वाटली तर मी सांगितलंय म्हण.

घरी गेल्यावरचं आत्ता फार लिहीत नाही, डिस्चार्जच्या वेळी परत लिही मला. मीठ, लोणचं-पापड, रोजचं वजन, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा, केदारनाथसारख्या उंचावर न जाणं, सगळं सांगेन. फक्त एक चिठ्ठी आजच करून ठेव, आईच्या पर्समध्ये आणि फ्रिजवर: "सिल्डेनाफिल चालू आहे, सॉर्बिट्रेट देऊ नये." एक प्रत त्या काकांनाही दे, तेही तीन रात्री झोपले नसतील.

आणि उद्या भेटायला जाताना आईचे लोकरीचे हातमोजे घेऊन जा. एसीत तिची बोटं गारठत असणार. सिस्टरला विचारून, चिमटा आहे ते बोट सोडून, घाल तिला. मग कळव मला, गोळ्या सुरू झाल्या का ते.